जाब देणारी कथा

धाराशिव शहरापासून काही मैलांवर, बालाघाटच्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांची जन्मकथा विचारू जाता पुरातत्त्वाचे दप्तर एक हकीकत सांगते आणि अकराव्या शतकाच्या सुमारास रचलेले एक अपभ्रंश काव्य अगदी निराळी हकीकत सांगते. गेल्या शतकाआधीच्या शतकात जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय पाहणीच्या कामी ही लेणी मोजली, त्यांचे आराखडे काढले आणि नंतरच्या अभ्यासकांनी ती सामान्यतः पाचव्या ते सातव्या शतकांच्या दरम्यानची मानून, मुळात बौद्ध असलेली ही लेणी पुढे जैनांच्या उपासनेत आली असावीत, असा अभिप्रायही दिला. याउलट मुनी कनकामर यांनी दहा संधींत रचलेले ‘करकंडचरिउ’ हे काव्य, ज्याची संपादित प्रत हिरालाल जैन यांनी 1934 मध्ये कारंजा येथील ग्रंथमालेतून प्रसिद्ध केली, ते या लेण्यांना एका राजाच्या प्रवासात आणून उभे करते आणि त्या राजाच्या तोंडून लेण्यांनाच विचारते की तुम्हाला कोणी घडविले, कशासाठी घडविले आणि तुमच्या पोटात काय लपवून ठेवले आहे. या दोन हकीकतींतील खरी कोणती, हा इतिहासकाराचा प्रश्न आहे आणि त्याचा निवाडा त्यानेच करावा. मला येथे ज्या विषयाची प्रस्तावना करावयाची आहे, त्या विषयाचे मूळ मात्र दुसऱ्या हकीकतीत, आणि तेही तिच्या एका विलक्षण प्रसंगात, सापडते असे माझे मत आहे.

तो प्रसंग असा. दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला करकंड राजा तेरापुरास, म्हणजे आजच्या तेर गावापाशी, तळ देतो. तेथील राजा त्याला जवळच्या डोंगरातील सहस्रखांबी लेण्याची आणि डोंगरमाथ्यावरील एका वारुळाची माहिती देतो. त्या वारुळाला एक हत्ती रोज सोंडेने पाणी आणि कमळ आणून वाहतो, हे पाहून राजा वारूळ खणवितो आणि त्यातून पार्श्वनाथांची मूर्ती निघते. मूर्ती लेण्यात आणल्यावर राजाच्या नजरेस जुन्या प्रतिमेच्या सिंहासनावरील एक गाठ पडते. इतक्या रेखीव कामात ही बेढब गाठ का ठेवली, असे तो वृद्ध शिल्पकारास विचारतो. शिल्पकार सांगतो की लेणे कोरताना येथे पाण्याचा झरा लागला होता आणि तो दाबण्यासाठी ही गाठ बसविली गेली. राजाचे समाधान होत नाही. त्याला झरा पाहावयाचाच असतो. गाठ फोडली जाते, पाणी उसळून लेण्यात भरते, आणि आपण केवळ कुतूहलापायी एका पवित्र वास्तूचा घात केला या जाणिवेने राजा पश्चात्तापदग्ध होतो. तेव्हा एक देवता प्रकट होऊन त्याचे सांत्वन करते आणि नील व महानील या दोघा राज्यभ्रष्ट बंधूंनी हे नगर कसे वसविले, हे लेणे कसे कोरविले, त्याची मूळ कथा सांगू लागते. कथा ऐकून राजा तेथेच आणखी लेणी कोरवितो; म्हणजे ज्याने निर्मितीचे रहस्य विचारले, तो अखेर स्वतः निर्माता होतो.

साहित्याच्या आधुनिक मीमांसकांनी ज्याला आत्मलक्ष्यी कथन म्हटले आहे, त्याची सर्व अंगे या एका प्रसंगात एकत्र आलेली आहेत. कृतीच्या अंगावर एक गाठ आहे, आणि ती गाठ कृती कशी घडली याची खूण आहे. कोणी तरी विचारणारा आहे. विचारल्यामुळे कृतीचे पूर्वीचे रूप भंगते, आणि त्या भंगातूनच तिच्या जन्माची कथा बाहेर येते. कनकामर मुनींनी हे सर्व सिद्धांत म्हणून मांडले असेल, असे मी म्हणत नाही; त्यांना धर्मकथा सांगावयाची होती. परंतु त्यांनी आपल्या कथेत कारागिराला उभे केले, त्याला जाब विचारू दिला आणि त्याच्याकडून जाब देवविला, एवढे निश्चित आहे. आणि पुढील सर्व विवेचनात मी ज्या एका विचाराचा पाठपुरावा करणार आहे तो हाच, की आपल्या भूमीत कथेने स्वतःकडे पाहिले ते विशेषकरून जाब देण्यासाठी पाहिले.

विद्यापीठीय अध्यापनात या विषयाचा आरंभ बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पाश्चात्त्य कादंबरीपासून केला जातो. जॉन बार्थ, जॉन फाउल्स, इटालो कॅल्व्हिनो यांच्या कृतींची नावे घेतली जातात. जरा मागे जावयाचे झाल्यास पिरांदेल्लोचे लेखकाच्या शोधात निघालेल्या सहा पात्रांचे 1921 मधील नाटक येते. आणि अधिक साक्षेपी अध्यापक सर्व्हान्टिसच्या ‘डॉन किहोटे’चा 1615 मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा भाग दाखवून देतात, ज्यातील पात्रांनी पहिला भाग वाचलेला असतो. हा सर्व इतिहास खरा आहे आणि मोलाचाही आहे. ज्या समाजाने एकाच शतकात दोन महायुद्धे पाहिली, राष्ट्राच्या, वंशाच्या आणि प्रगतीच्या नावाने रचलेल्या मोठमोठ्या कथांनी माणसे कशी मृत्यूच्या दारी नेली हे अनुभवले, त्या समाजातील लेखकाने ‘मी सांगतो ही केवळ रचना आहे, तिच्यावर विसंबू नका’ असे वाचकाला बजावावे, यात मोठी नैतिक निकड आहे. तथापि या इतिहासावरून अनेकदा असा निष्कर्ष काढला जातो की कथेचे आत्मभान ही अविश्वासाचीच संतती आहे, आणि जेथे अविश्वास नव्हता तेथे कथा भोळी होती. हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी मला पैठणपासून तेरपर्यंतचा रस्ता धरावा लागेल.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची पेठ सांगितली आहे, जेथून तलम कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजे तेर, हे फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिले. या रस्त्याच्या एका टोकाला, पैठणास, सातवाहनांच्या दरबारात गुणाढ्य होता असे ‘कथासरित्सागर’ सांगतो. गुणाढ्याने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा आपल्या रक्ताने लिहिली, राजाने ती भाषेच्या आणि शाईच्या तिरस्काराने परत पाठविली, तेव्हा त्याने अरण्यात अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत जाळले, आणि ऐकण्यात रमलेले पशू चरेनासे झाल्यामुळे राजाच्या मुदपाकखान्यातील मांस निःसत्त्व झाले, म्हणून चौकशी होऊन राजा धावत आला तोवर सहा लक्ष श्लोक भस्म झाले होते. ‘कथासरित्सागरा’चा कर्ता सोमदेव याने अकराव्या शतकात काश्मीरात बसून आपल्या या प्रचंड ग्रंथाचा आरंभच या हकीकतीने केला. ग्रंथाच्या मुखाशी त्या ग्रंथाच्या उगमाची, उपेक्षेची आणि दहनाची हकीकत घालावयाची, म्हणजे वाचकाच्या हाती जे आहे ते शेषमात्र आहे, हे त्याला प्रथमच कळवून टाकावयाचे. यात वाचकाला फसविण्याचा भाग नाही आणि त्याची फजिती करण्याचाही नाही. किती हाती लागले आणि किती गेले, याचा हिशेब कथा येथे चुकता करते.

याच वृत्तीने मराठीतील बखरकार आपला हवाला आरंभी देतो. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमारास जिंजीस शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले ते राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, आणि ती आज्ञा त्याने बखरीच्या अंगातच नोंदवून ठेवली. कोणी विचारले, कोणासाठी लिहिले, कोणत्या भरवशावर लिहिले, ही माहिती मजकुराबाहेरची मानण्याची रीत आपल्या जुन्या गद्यात नव्हती. बखरीचे बहुतेक इतिहासकार या आरंभाला औपचारिक म्हणून ओलांडून जातात; मला तो कथनाचा पाया वाटतो.

आता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे, तेरकडे, येतो. गोरोबाकाकांचे हे गाव. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने कुंभाराच्या थापटण्याकडे बोट दाखवून हे काय, असे विचारावे, गोरोबांनी याने मडकी कच्ची की भाजलेली ते कळते असे सांगावे, आणि मग एकेका संताच्या डोक्यावर थापटणे वाजवीत जाता नामदेवांनी तक्रार केली म्हणून तेच मडके कच्चे ठरावे, ही कथा महाराष्ट्रातल्या कोणाही शाळकरी मुलाला ठाऊक असते. महिपतींनी ती 1762 च्या ‘भक्तविजया’त विस्ताराने सांगितली. परंतु या कथेची जी बाजू क्वचितच पाहिली जाते ती अशी की, नामदेवांच्या नावावर परंपरेने चालत आलेल्या चरित्रपर अभंगांतही ती आहे. म्हणजे वारकरी परंपरेने ही कथा ज्या मुखी ठेवली आहे, ते मुख ज्याचे मडके कच्चे ठरले त्याचेच आहे. त्या सभेत ज्ञानेश्वर होते, निवृत्तिनाथ होते, मुक्ताबाई होती. त्यांच्यापैकी कोणीही ही कथा सांगितली असती तर ती एका अहंकारी भक्ताच्या पारखीची कथा झाली असती. नामदेवांच्या मुखी ती आली, म्हणून सांगणाराच पारखला गेला आणि पारखला गेलेलाच सांगू लागला. निवेदकाच्या विश्वासार्हतेविषयी पाश्चात्त्य समीक्षेने विसाव्या शतकात पुष्कळ सूक्ष्म विचार केला. मराठी संतपरंपरेने मात्र निवेदकाला पात्र करून, तेही कच्चे ठरलेले पात्र करून, त्याच्या शब्दाला वजन दिले. आपले कच्चेपण ज्याने चारचौघांत कबूल केले त्याच्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवावयास श्रोता अधिक सहज तयार होतो, हे व्यवहारातील सत्य या परंपरेने कथनशास्त्रात आणले.

ज्ञानेश्वरीविषयी येथे स्वतंत्र विस्तार करीत नाही, कारण तो एका प्रस्तावनेत मावणारा नाही. 1290 मध्ये नेवाशास सांगितल्या गेलेल्या या ग्रंथात श्रोते बोलतात, विषयांतर फार झाले म्हणून वक्त्याला मूळ श्लोकाकडे परत बोलावतात, वक्ता त्यांच्यापाशी लडिवाळपणे अवधान मागतो, निवृत्तिनाथांची संमती घेतो आणि शेवटी लेखनिक सच्चिदानंदबाबांची नोंदही ग्रंथातच करतो. एका ग्रंथाची निर्मिती त्या ग्रंथातच इतक्या तपशिलाने आणि इतक्या प्रसन्नतेने नोंदवली गेल्याची उदाहरणे जगाच्या वाङ्मयात फार थोडी असतील.

परंतु ग्रंथाच्या पानांवर जे दिसते ते अखेर गोठलेले असते. कथा स्वतःकडे पाहत असतानाच तिला पाहावयाचे असेल तर तुळजापूरच्या परिसरातील एखाद्या घरी गोंधळास बसावे. गोंधळ्यांच्या दोन शाखा सांगितल्या जातात, रेणुराई आणि कदमराई. पहिली माहूरच्या रेणुकेची, दुसरी तुळजाभवानीची, आणि धाराशिव जिल्ह्यात अर्थातच दुसरीचा मान. लग्नकार्य उरकले की कुळाचार म्हणून गोंधळ घातला जातो. चौक मांडला जातो, घट बसतो, दिवटी पेटते, संबळाची जोडी आणि तुणतुणे यांचा मेळ जमतो, आणि गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेला मुख्य गोंधळी देवतांना आवाहन करू लागतो. या आवाहनाचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो एकेका ठाण्याचे नाव घेऊन त्या त्या दैवताला सांगतो की येथे गोंधळ मांडला आहे, त्या गोंधळाला या. म्हणजे गीताचा विषय, ते गीत ज्या विधीत गायिले जात आहे तो विधीच होय. गोंधळात जे पहिल्याने गायिले जाते ते गोंधळाविषयी असते. पुढे गोंधळाच्या उत्पत्तीची कथाही सांगितली जाते: परशुरामाने बेटासुराचा वध केला, त्याच्या शिराला तंतू लावून वाद्य केले आणि ते वाजवीत माता रेणुकेपुढे तो पहिला गोंधळी झाला. तुणतुणे हातात धरलेला माणूस तुणतुण्याच्या जन्माची कथा तुणतुण्याच्या साथीवर सांगतो, त्या क्षणी वाद्य, वादक आणि वृत्तांत हे तिन्ही एकाच जागी येतात.

आणि मग आख्यान सुरू होते, व आख्यानाबरोबर सुरू होतो साथीदाराचा कारभार. मुख्य गोंधळ्याने राजाचे वर्णन करावे आणि साथीदाराने मध्येच विचारावे की या राजाला तू कधी पाहिलास. त्याने स्वयंवराचा थाट सांगावा आणि याने पृच्छा करावी की वऱ्हाडाच्या पंगतीत या घरच्या मामांना पाट मिळाला होता की नाही. श्रोत्यांत हशा पिकतो, यजमानांची नावे कथेत येतात, गावचा ओढा, गावची वेस, गावचा दुष्काळ कथेत येतो. मुख्य गोंधळी रागावल्यासारखे करतो, उत्तर देतो, आणि कथा पुन्हा आपल्या मार्गाला लागते. साथीदाराचे हे काम विनोदापुरते आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि तमाशातील सोंगाड्याविषयीही तीच समजूत आहे. माझ्या मते साथीदार हा त्या रात्रीपुरता श्रोत्यांचा मुखत्यार असतो. जे प्रश्न श्रोत्याच्या मनात येतात पण देवीच्या कार्यात विचारण्यास जीभ रेटत नाही, ते तो श्रोत्याच्या वतीने विचारतो. त्यामुळे पहाटेपर्यंत चालणाऱ्या आख्यानात एकही विधान तपासल्यावाचून पुढे सरकत नाही. कथेचा भ्रम मोडतो, असे आधुनिक परिभाषेत म्हणता येईल. पण तो मोडल्यावर कोणीही उठून जात नाही. दिवटीत तेल घातले जाते आणि आख्यान अधिक जवळचे होते, कारण ते आता प्रश्नांना उत्तरे देऊन आलेले असते.

येथे मला एका मोहापासून वाचकाला सावध केले पाहिजे. आमच्याकडे हे सर्व पूर्वीच होते, असे म्हणून समाधान मानण्याचा मोह मोठा आहे, आणि तो विचाराचा शत्रू आहे. गोंधळ्याचा साथीदार राजाविषयी शंका घेतो, देवीविषयी घेत नाही. ज्ञानेश्वरीतील श्रोते विस्ताराबद्दल तक्रार करतात, गीतेच्या प्रामाण्याबद्दल करीत नाहीत. सोमदेव ग्रंथाचे दहन सांगतो, पण त्या कथेचे मूळ तो शंकराच्या मुखात नेऊन ठेवतो. ‘करकंडचरिउ’तला राजा गाठ फोडतो खरा, पण उत्तर देण्यासाठी देवता यावी लागते, वृद्ध शिल्पकाराने दिलेले साधे उत्तर पुरेसे मानले जात नाही. म्हणजे जुन्या आत्मलक्ष्यी कथनाला एक तळ होता आणि त्या तळापर्यंत प्रश्न पोहोचू दिला जात नव्हता. शिवाय, प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आणि चौकाबाहेर कोणाला बसावे लागे, हा प्रश्न तर त्या व्यवस्थेने स्वतःला कधीच नीट विचारला नाही. आधुनिकांनी तो तळ उचकटला, हे त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. प्रश्न एवढाच आहे की तळ उचकटल्यावर पुढे काय: सांगणारा केवळ हात झटकून मोकळा होतो, की पूर्वीपेक्षा अधिक जबाबदारी पत्करतो?

मराठीतील गेल्या साठ वर्षांच्या उत्तम कृती मला दुसऱ्या पक्षाच्या वाटतात. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने 1963 मध्ये नायकाच्या हाती रोजनिशी आणि आत्मनिवेदन देऊन कादंबरीचे जुने घर मोकळे केले, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’मध्ये, 1974 साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने रंगमंचावर आणलेल्या त्या नाटकात, मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणावर कीर्तन करतो. कीर्तन हे ज्या समाजाचे रात्री जागून ऐकण्याचे माध्यम, त्याच माध्यमात त्या समाजाचे प्रेतसंस्कार, शेजारधर्म आणि सूतक तपासावयास घेतले गेले, आणि तपासनीस कोण, तर ज्याला जाळावयाचे तो स्वतः. परंपरेच्या साधनाने परंपरेची झडती घेण्याची ही रीत साथीदाराच्या प्रश्नाची थेट वारस आहे. फरक इतकाच की येथे कोणतीही देवता उत्तर द्यायला येत नाही.

तथापि या विषयातील मराठीचे सर्वांत मौलिक कार्य, माझ्या समजुतीप्रमाणे, दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांच्या आत्मकथनांनी केले, आणि समीक्षेने त्यांना बहुधा केवळ समाजदर्शनाच्या खात्यात टाकून त्यांच्या कथनकलेकडे दुर्लक्ष केले, याची मला मनापासून खंत वाटते. दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आले. त्यात दगडू मारुती पवार नावाचा माणूस आपली कहाणी सांगतो आणि शिकलेला, पांढरपेशा झालेला दया पवार ती ऐकतो, दोघेही एकच. आपण गावकुसाबाहेरून नोकरीच्या खुर्चीपर्यंत आलो, तर आता ही कहाणी सांगण्याचा अधिकार कोणाचा, सोसलेल्याचा की लिहिणाऱ्याचा, या प्रश्नाला त्यांनी कथनाच्या आकृतीतच जागा दिली. साक्षीदार आणि लेखनिक यांना एकाच देहात समोरासमोर बसविणारी ही योजना पिरांदेल्लोच्या पात्रांहून कमी धाडसी नाही, आणि तिच्यात खेळाचा लवलेश नाही.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ तर या जिल्ह्याच्या जुन्या हद्दीतलेच. धनेगाव आज लातूर जिल्ह्यात आहे, पण 1982 पूर्वी लातूर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढल्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या ग्रंथाची कथनदृष्ट्या विशेष स्थिती लक्षात घेतली पाहिजे. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, ज्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, त्यांची कथा सरकारी दप्तरात आधीच लिहून ठेवलेली होती. नाव, खुणा, संशय, चौकशी, सर्व काही दुसऱ्याच्या अक्षरात. कायदा 1952 मध्ये रद्द झाला तरी ते अक्षर समाजाच्या मनातून पुसले गेले नाही. अशा समाजातील माणूस जेव्हा आत्मकथन लिहितो तेव्हा तो कोऱ्या कागदावर लिहीत नसतो. आधीच्या नोंदीला प्रतिकैफियत म्हणून त्याचा शब्द उभा राहतो, आणि ती दाखल करताना आपल्या माणसांच्या चोऱ्या, मार, उपासमार यांतले काहीही तो लपवीत नाही, कारण लपविले तर आधीच्या नोंदीलाच बळ येणार हे त्याला कळते. लेखनाविषयीचे इतके तीव्र भान, लिहिलेल्या शब्दाने माणसाचे काय होते याची इतकी रोकडी जाणीव, कोणत्या प्रयोगशील कादंबरीत अधिक आढळेल, हे मला ठाऊक नाही.

दृश्य माध्यमाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढील पृष्ठांत तिचा विचार विस्ताराने येणार आहे. आपल्या चित्रपटाने स्वतःकडे पाहावयास फार लवकर आरंभ केला: दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविल्यावर चारच वर्षांनी, 1917 मध्ये, चित्रपट कसे तयार करतात याच विषयावर एक लघुपट काढला आणि नटांना सूचना देणारे, फिल्म तपासणारे स्वतःचे रूप त्यात दाखविले. नव्या विद्येच्या कारागिराने आपल्या हत्यारांसह पडद्यावर उभे राहून लोकांना विश्वासात घेतले, असा त्याचा अर्थ मी लावतो. इराणच्या अब्बास कियारोस्तामी यांनी 1990 च्या ‘क्लोज-अप’मध्ये एका तोतयाच्या खऱ्या खटल्यातील खऱ्याच माणसांकडून स्वतःच्या भूमिका करवून घेतल्या, तेव्हा कॅमेरा कोणाची बाजू घेतो हा प्रश्न न्यायासनासमोर गेला. आणि परंड्याच्या सीमेला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 2013 मध्ये ‘फँड्री’ दिला.

‘फँड्री’च्या अखेरच्या दृश्याची चर्चा पुष्कळ झाली असली तरी ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पुन्हा करणे अवश्य आहे. कैकाडी समाजातील जब्या घरच्यांसह गावातले डुक्कर पकडतो आहे. शाळेतील सवंगडी, जिच्यावर त्याचे मन जडले ती मुलगी, सारे गाव मौजेने पाहते आहे, आणि चित्रपटगृहातील प्रेक्षकही त्याच मौजेच्या जागी बसून तेच पाहतो आहे. राष्ट्रगीत कानी येताच ती धावपळ मध्येच थबकते आणि मग पुन्हा सुरू होते. मेलेले डुक्कर वाहून नेले जाते त्या वाटेवरील भिंतीवर फुले आणि आंबेडकर यांची चित्रे आहेत. शेवटी चिडविणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावू लागतो, आणि एक दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो, पडदा काळा होतो. दीड-दोन तास अंधारात सुरक्षित बसून दुःखाचे सौंदर्य न्याहाळणाऱ्याला त्या क्षणी कळते की पाहणाराही या कथेत होता, गर्दीत उभा होता. हा दगड म्हणजे चित्रपटीय चातुर्य आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. जुन्या चौकात साथीदार श्रोत्याच्या वतीने कथेला प्रश्न करीत असे. येथे कथा उलटून श्रोत्याला प्रश्न करते, आणि जो चौकाबाहेर बसविला गेला होता त्याच्या हातून करते. जाब देणे आणि जाब विचारणे यांची अदलाबदल झाली, आणि माझ्या मते कथनाच्या आत्मभानाने मराठी मुलखात गाठलेला हा सर्वांत दूरचा टप्पा आहे.

हा विषय येथे धाराशिव जिल्ह्याच्या भूमीवरून मांडण्याचे कारण केवळ स्थानाभिमान नाही. एक अत्यंत निकडीचे काम त्यामागे आहे. गोंधळ, आराध्यांची गाणी, भारुडे, वाघ्या-मुरळीची जागरणे यांचे जे संग्रह आजवर छापले गेले, त्यांत गीते येतात, आख्यानाचे कथानक येते, पण साथीदाराने मध्येच टाकलेले प्रश्न, मुख्य गोंधळ्याने ऐनवेळी दिलेली उत्तरे, श्रोत्यांतून आलेला आवाज आणि त्यासरशी बदललेली कथा पुष्कळदा गाळली जाते. संपादकाच्या दृष्टीने तो फापटपसारा असतो. ध्वनिमुद्रण करणारेही वेळेच्या मर्यादेपायी तेच कापतात. आता प्रत्येकाच्या खिशात चित्रीकरणाचे साधन आले आहे, परंतु त्यानेही बहुधा संबळाचा जोरकस तुकडा तेवढा टिपला जातो आणि दोन वाक्यांची ती हुज्जत वगळली जाते. तुळजापूर, तेर, कळंब, भूम, परंडा या भागांत अजून रात्रभराचे आख्यान सांगणारी वडीलधारी माणसे आहेत. ज्या विद्यार्थ्यांना या ग्रंथातून काही कामाची दिशा मिळेल, त्यांनी त्यांच्यापाशी जाताना कॅमेरा केवळ मुख्य गोंधळ्यावर रोखू नये. दुसरा ध्वनिग्राहक साथीदारापुढे ठेवावा, तिसरा शक्य तर श्रोत्यांत ठेवावा, यजमानाचे घर, प्रसंग, गाव आणि तिथी यांची नोंद करावी, आणि टाचणे लिहिताना कोणाच्या प्रश्नावर आख्यान कोठे वळले, ते ओळीओळीला नमूद करावे.